दिगू, तू आक्काला मारलं नाहीस

दिगू,

तुझ्या शोकसभेत ठेवलेला तुझा फोटो अगदीच टाकाऊ होता. कुठल्याशा पुरस्कार सोहळ्यातला, कोट घातलेला. हातातली ती पिवळी बाहुली कुणीतरी कापून काढली होती, पण बोटं तशीच वळलेली राहिली होती, त्यामुळे तू कुणाची तरी मानगूट धरून उभा आहेस असं दिसत होतं. हार एवढा जाड की हनुवटी त्यात बुडालेली. जन्मभर मालिकांतून दुसऱ्यांच्या फोटोंना हार घालायला लावलेस, मग स्वतःचा एक धड फोटो काढून ठेवायला काय झालं होतं तुला?

गेलास तोही मुंबईत, स्टोरी मीटिंगमध्ये. छातीत कळ आली तेव्हा म्हणालास म्हणे, "एवढा सीन संपवू, मग बघू." दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर हे शेवटचं वाक्य तू स्वतःच लाल शाईने कापलं असतंस. तिकडे अंत्यविधी उरकला आणि शोकसभा मात्र इथं आपल्या शहरात झाली, कारण तू भूमिपुत्र. एकामागून एक लोक उठले आणि तुझ्यावर फुलं टाकून बसले. "मराठवाड्याच्या मातीचा सुगंध घराघरांत नेणारा लेखक," असं एकजण म्हणाले. मला हसू आलं. ते दाबायला पदर तोंडाशी नेला, तर शेजारच्या बाईंना वाटलं हुंदका आला, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मग माझं नाव पुकारलं, "दिगंबररावांच्या मावसभगिनी, निवृत्त गणित शिक्षिका सुमनताई." मी बसल्या जागेवरून नाही म्हणून मान हलवली. माणूस जाऊन चार दिवस होत नाहीत तोवर माईकवरून खरं बोलू नये, एवढं मला कळतं, आणि खोटं मला बोलता येत नाही. म्हणून तुलाच लिहिते आहे. निदान याच्यावर तरी तुला लाल शाई चालवता येणार नाही.

तू आमच्या खोकडपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आलास तो दिवस मला चांगला आठवतो. अजिंठ्याच्या घाटाखालच्या गावातून शहरात कॉलेज शिकायला आलेला तू, पायात मोठ्या भावाच्या चपला, हातात पत्र्याची ट्रंक. दुसरी पिशवी एस.टी.त विसरली होती आणि तिच्यात तुझे सगळे दाखले होते. दारातच तू रडायला लागलास. आई चुलीपासून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "आधण ठिव, मंग बोल."

तुला स्टोव्ह पेटवता येत नव्हता, तो मी पेटवला. पाणी उकळलं, चहा झाला, तू बशीत ओतून घेतलास आणि मग तुला आठवलं की पिशवी कंडक्टरच्या सीटखाली ठेवली होती. संध्याकाळच्या गाडीने ती परतही आली. आईची ती रीतच होती. कुणी मयताची बातमी आणो की नोकरीची, आधी चहाचं आधण ठेवायचं, मग तोंड उघडायचं. "पाणी उकळोस्तोर माणूस निवतं," असं तिचं म्हणणं. महिन्याभरात तूही तिच्यासारखा फुर्र आवाज करत बशीतून चहा प्यायला लागलास. मला ती "सुमे" म्हणायची आणि तुला लाडाने "मेल्या". तिचं ऐकून तो शब्द मीही चालवला. परवापासून तो तोंडापर्यंत येतो आणि तिथंच अडतो.

कॉलेज संपल्यावर तू वाळूजला एका कंपनीत लागलास. पाळीच्या बसने जायचास, पाळीच्या बसने यायचास, आणि त्यातूनच तू ती एकांकिका लिहिलीस. रात्रपाळी सुटलेले तीन कामगार कंपनीच्या गेटवर गाडीची वाट बघताहेत, एवढंच. कुणी कुणाच्या थोबाडीत मारली नाही, कुणाचा हरवलेला जुळा भाऊ आला नाही. एकाने मुलीसाठी चपला घेतल्या होत्या आणि तो सारखा त्या स्वतःच्या तळहातावर ठेवून बघत होता, होतील का म्हणून. मी आणि आई शेवटच्या रांगेत बसलो होतो. पडदा पडल्यावर थोडा वेळ कुणी टाळ्याच वाजवल्या नाहीत. परीक्षक म्हणाले, प्रामाणिक आहे पण नाट्य नाही. रिक्षातून येताना आई म्हणाली, "नाट्य नसंल बाबा. पण खरं व्हतं."

माझा सगळा राग इथून सुरू होतो, दिगू. तुला लिहिता येत होतं. ज्याला येतच नाही त्याने पाट्या टाकल्या तर त्याचा काय दोष? पण तू त्या तळहातावरच्या चपला लिहिल्या होत्यास. आणि नंतर तीस वर्षं काय लिहिलंस? जिन्यावरून घरंगळणाऱ्या सुना आणि दाराआडून ऐकणाऱ्या जावा.

मुंबईला निघालास तेव्हा सांगितलंस, "मावशी, मला टी.व्ही.त काम लागलं." आईला वाटलं, इथल्या टी.व्ही. सेंटर नावाच्या चौकात कुठंतरी. ती म्हणाली, "मंग दुपारला जेवायला येत जा की घरी. डबा कशाला न्यायाचा?" तू हसलास, पण तिला काही समजावलं नाहीस. स्टेशनवर जाईपर्यंत ती याच समजुतीत होती. अवघड गोष्ट सांगायची वेळ आली की तू नेहमी असाच हसायचास आणि सांगायचं काम माझ्यावर सोडायचास.

पहिल्या पहिल्या मालिका मी वहीपेन्सिल घेऊन बसल्यासारख्या बघितल्या. गणिताची बाई मी, माझ्या डोळ्यांना ती सवयच. तुझी एक नायिका एका दिवाळीला गरोदर राहिली आणि पुढच्या दिवाळीला तिचं डोहाळजेवण झालं. एकाला संक्रांतीच्या सुमाराला सुरा लागला, तो पाडव्यापर्यंत रक्ताळलेल्या सदऱ्यानं बोलत होता. एकच थोबाडीत तीन बाजूंनी तीनदा दाखवायचे, आणि मग घरातल्या प्रत्येकाचा चेहरा. मी फोनवर म्हटलं, दिगू, नऊ महिन्यांचं गणित चौथीतल्या पोरीलासुद्धा येतं. तू म्हणालास, "ताई, ती चूक नाही, ती गरज आहे."

मग तू स्क्रिप्ट एडिटर झालास. आईने विचारलं, म्हणजे काय करतो? तू म्हणालास, "आता मी लिहीत नाही मावशी. दुसऱ्यांनी लिहिलेलं निवडतो. तांदूळ निवडतात तसं." आई म्हणाली, "मंग एवढे खडे कसे राहत्यात रे?" त्यावर तू फोनमध्ये एवढ्या मोठ्याने हसलास की मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. कामाला मात्र तू चोख होतास, हे मी नाकारत नाही. मंगळवारी विधवा झालेलीच्या कपाळावर बुधवारी कुंकू दिसता कामा नये, डाव्या हाताचं प्लास्टर उजव्या हाताला जाता कामा नये, हे बघणं तुझ्याकडे. पात्राच्या नावाची चूक तर ढीगभर पानांतून तुला नुसत्या वासावरून वेचता यायची, असं तुझ्या हाताखालची मुलं कौतुकाने सांगायची. एवढी तीक्ष्ण नजर आणि ती कशासाठी वापरली, तर कुठल्या जावेला कुठलं गुपित कळलं आहे याचा हिशेब ठेवायला.

भांडण आपलं एकच होतं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचास, "ताई, तुझ्या त्या साहित्याला वाचक किती? माझ्या एका एपिसोडला अख्खा महाराष्ट्र बसतो." मी म्हणायचे, बसणारच. माकडाच्या खेळालाही गर्दी होते, म्हणून कुणी डमरूवाल्याला लेखक म्हणत नाही. तू लगेच विषय बदलून आईला फोन दे म्हणायचास. उत्तर तुझ्याकडे नव्हतं. की होतं आणि तू दिलं नाहीस, हे आता कळायला मार्ग नाही.

मग ती आक्काची मालिका आली आणि तिच्यासाठी तू पुन्हा स्वतः लिहायला बसलास. आईचं माहेर फुलंब्री, म्हणून तू मालिकेचं गावही फुलंब्री केलंस. सेट मुंबईतला, आणि अंगणामागे प्लास्टिकचा ऊस. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "आमच्यात ऊस कुठला आला? अद्रक लाव म्हणावं, कपाशी लाव." तुझ्या फुलंब्रीच्या बायका पैठणी नेसून झोपायच्या. 'लई' म्हटल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नव्हता. लई भारी, लई वाईट, लई रडले. मी म्हटलं, अरे, आपण असं बोलतो का? तू म्हणालास, मुंबईच्या लोकांना एवढंच कळतं.

पण त्या सगळ्या सोंगांच्या मधोमध तू आक्का उभी केली होतीस, आणि आक्का म्हणजे डिट्टो आमची आई. तोच डोक्यावरून कानामागे खोचलेला पदर, तीच बशी. घरात काहीही आग लागो, आक्का म्हणायची, "आधण ठिव, मंग बोल." ते वाक्य एवढं गाजलं की लोकांनी कपांवर छापून घेतलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये बायका मलाच ते ऐकवायच्या. आई तुला फोनवर म्हणाली, "मला चोरलंस व्हय रे मेल्या?" आणि दिवसभर नव्या नवरीसारखी लाजत होती. मला मात्र ते आवडलं नव्हतं. आपल्या घरातलं बोलणं बाजारात मांडलेलं मला आवडत नाही.

बाजारात मांडायचं तर निदान खरं तरी मांडायचं. आईने तुला पोलीस ॲक्शनच्या साली घडलेलं सांगितलं होतं, आठवतं? ती लहान होती. रझाकारांच्या धामधुमीत आजोबा घराला कुलूप घालून सगळ्यांना घेऊन गाव सोडून गेले आणि किल्ली शेजारच्या उस्मानचाचांकडे दिली. ॲक्शन झाल्यावर परत आले, तर म्हैस गोठ्यात सुखरूप होती, चाचांनी सांभाळलेली. दाराची किल्ली कोनाड्यात. आणि चाचांचंच घर उघडं, रिकामं. ते कुठं गेले ते शेवटपर्यंत कळलं नाही. आजोबा वर्षभर त्यांच्या ओट्यावर दिवा लावायचे. तू ते आक्काचं लहानपण म्हणून घेतलंस आणि दाखवलंस काय? जळतं घर, घोड्यावरचा खलनायक, तलवार. चाचा नाहीत, म्हैस नाही, ओटाही नाही. आई बघत बसली आणि एपिसोड संपल्यावर म्हणाली, "चाचा कुठं गेले?" मी तुला विचारलं तर म्हणालास, चॅनेलला नको होतं. मला त्या दिवशी तुझी किळस आली, दिगू. शब्द कडक आहे, पण तोच बरोबर आहे.

त्यानंतर आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा निम्मी गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर तू एकदा आलास. एकदाच. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तिच्याकडे बघत राहिलास. शबाना नावाची बाई तिचं सगळं करायला यायची, ती कोपराखाली टॉवेलची गुंडाळी ठेवत होती, तेही तू बघितलंस. मला वाटलं, बरं झालं, याला काहीतरी भिडलं. तीन-चार आठवड्यांनी आक्का जिन्यावरून पडून कोमात गेली. आणि मालिकेतल्या आक्काच्या कोपराखाली टॉवेलची गुंडाळी होती. पांघरूणही पिवळं, आमच्याच घरातल्यासारखं. तू आजारी मावशीला भेटायला आला नव्हतास, माप घ्यायला आला होतास.

रोज संध्याकाळी आठ वाजता आई खाटेवर पडून टी.व्ही.तल्या खाटेवर पडलेल्या आक्काकडे बघायची. मी बंद करायला गेले की डाव्या हाताने खाटेची पट्टी वाजवायची. शबाना मांडी घालून खाली बसायची आणि चिडायची, "मरती बी नै, उठती बी नै. क्या आफत है अम्मा ये!" आठवडे गेले, महिने गेले. आक्काभोवती दोन लग्नं झाली, एक घटस्फोट झाला, एक खून झाला, आणि ती मधे पालथ्या घड्यासारखी पडून. पेपरात विनोद यायला लागले. वर्ष उलटून गेलं तरी तू तिला हलवेनास.

एक दिवस आईने मला तुझा फोन लावायला लावला. शब्द तिला जमवावे लागायचे. ती म्हणाली, "दिगू... सोडव तिला." तू म्हणालास, कुणाला मावशी? ती म्हणाली, "आक्काला. किती दिस झाले. मार तिला. सोडव." फोन मीच तिच्या कानाशी धरला होता, त्यामुळे तुझं उत्तर मला ऐकू आलं. "पुढच्या आठवड्यात बघतो मावशी." तो पुढचा आठवडा आला नाही. ती नंतर तुला दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा तुझं उत्तर तेच. ज्याने शेकड्यांनी माणसं कागदावर मारली, विषाने, गाडीखाली, विजेच्या धक्क्याने, त्याला एका म्हातारीचं साधं मरण लिहिता येईना. तिला दुसरं काही नको होतं, दिगू. तिच्यासारखं पडलेलं कुणीतरी तिथून सुटलेलं तिला बघायचं होतं. एवढंच तिने तुझ्याकडे मागितलं होतं, आणि ते देणं पूर्णपणे तुझ्या हातात होतं.

आई गेली तेव्हा आक्का तशीच पडून होती. तुला कळवलं. तू म्हणालास, एपिसोड आज चॅनेलला जातोय ताई, हातात पुढचा एकही शिल्लक नाही. दहाव्याला आला नाहीस, तेराव्याला आला नाहीस. तुझा फोनही आला नाही. नातेवाईक विचारायचे, दिगू आला नाही? मी म्हणायचे, त्याच्या मालिकेत कुणीतरी आजारी आहे.

आणि तेराव्याच्याच संध्याकाळी आक्का उठली. चमत्कार! डॉक्टर थक्क, सुना रडताहेत, देवघरातल्या घंटा आपोआप वाजताहेत, हे सगळं तू केलंस. खाटेवर उठून बसली, पदर कानामागे खोचला, समोर सून उभी, तिच्याकडे बघून म्हणाली, "सुमे, आधण ठिव."

सुनेचं नाव रेवती. पहिल्या एपिसोडपासून रेवती. दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणी तुझी टर उडाली. कोमातून उठली आणि सुनेचं नाव विसरली, अशी चित्रं फिरली. स्टाफरूममध्येही हसले. मी तुला फोन केला. म्हटलं, दिगंबर, तुझ्या मालिकेत नाव चुकलंय. तू म्हणालास, "व्हय ताई. नजरचूक." मी म्हटलं, माझी आई तुझ्याकडे मरण मागत होती, तेव्हा तुला जमलं नाही. तिचं तेरावं होतं त्या दिवशी तू तिला उठवून नाचवलंस. तुझी कीव येते मला. आणि फोन ठेवला. त्यानंतर आपण फक्त लग्नकार्यात भेटलो आणि जेवण कसं आहे यावर बोललो.

परवाच्या सभेला आक्काचं काम करणाऱ्या बाई मुंबईहून आल्या होत्या. साध्या आहेत. त्यांनी सांगितलं की चॅनेलला आक्काचा मृत्यू कधीचाच हवा होता, मोठा एपिसोड करायचा होता. फोटोला हार घातलेला सीन चित्रित होऊन तयार होता. जिवंत नटाच्या फोटोला हार घातला की शॉट संपताच तो उतरवायचा आणि नटाच्या तोंडात साखर घालायची, अशी सेटवरची रीत असते; ती साखरही त्यांनी खाल्ली होती. पण तू दर आठवड्याला नवी पानं पाठवून तो सीन मागे ढकलत राहिलास. वरचे लोक ओरडायचे, तुला काढायची भाषा करायचे, तरी तू ऐकलं नाहीस. "म्हणायचे, माझी मावशी बघते," असं बाईंनी सांगितलं. सभागृहात सगळ्यांनी डोळे पुसले.

माझं डोकं फिरलं. मावशी बघते! अरे, मावशी बघत होती आणि मार म्हणत होती. तू तिच्यासाठी नाही थांबवलंस. तू स्वतःसाठी थांबवलंस. पिशवी हरवली की दारात उभं राहून रडायला तुला तेवढं एकच घर होतं, आणि ते जाऊ नये म्हणून तू तिला पडद्यावर झोपवून ठेवलंस. प्रेमच होतं ते, मी कशाला नाही म्हणू? पण भित्र्याचं प्रेम. खाटेशी येऊन बसायची हिंमत नाही आणि सोडायचीही नाही, असं. त्याची किंमत तिने पडून पडून मोजली. हे मला त्या माईकवरून सांगायचं होतं.

आता एकच गोष्ट राहिली. ती मी तुला कधी सांगितली नाही आणि तू जिवंत असतास तर सांगितलीही नसती. डोक्यावर बसला असतास.

तेराव्याची पंगत उठून गेली होती. पाहुणे गेले होते. आईची खाट अजून तिथंच होती, गादी उन्हात घालून परत आणलेली. शबाना तिचे टॉवेल न्यायला आली होती, ती घड्या घालत होती. टी.व्ही. कुणी लावला ते मला माहीत नाही, आठ वाजता तो लागायचाच. मी खिडकीशी, टी.व्ही.कडे पाठ करून बसले होते. मला पडदा दिसत नव्हता. त्या घंटा ऐकू आल्या, रडारड ऐकू आली, मी मनात म्हटलं, सुरू झाला तमाशा. आणि मग मागून आवाज आला.

"सुमे, आधण ठिव."

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, दोन कप पाणी मोजून ओतलं, आलं ठेचलं. आईला आलं जास्त लागायचं. ओट्यावर बशी काढून ठेवली. दाराशी शबाना उभी होती, हातात टॉवेल. ती म्हणाली, "बाजी, ये किस कू?"

मला त्या क्षणी तिचा प्रश्नच कळला नाही. मी हसले असेन बहुतेक. वर्ष-दीड वर्षात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तुझ्या प्रत्येक एपिसोडमधल्या चुका मी काढल्या, दिगू, त्या एपिसोडच्याही काढल्या, दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा लागल्यावर बघून, फोन करून काढल्या. पण पाणी उकळेपर्यंत मला त्यात एकही चूक दिसली नव्हती.